मरेनात त्या पेशी

नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेत एक रीत होती. नव्या मुलीनं प्रयोगाची कृती सीनियरच्या वहीतून हातानं उतरवून घ्यायची. किनवटकडची ती मुलगी पीएचडीला आली, तेव्हा तिनं माझ्या वहीतून उतरवली.

यीस्टला ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, बेतानं दिलं की त्याच्या पेशी आतूनच स्वतःचं मरण सुरू करतात. आपल्या शरीरातल्या पेशीही असंच करतात, म्हणून ते यीस्टमध्ये अभ्यासायचं. हा तिचा विषय. पण तिच्या पेशी मरेनात.

"ताई, आजबी मरून नाही राहिल्या," ती रोज सकाळी प्लेट घेऊन माझ्यापुढं उभी.

एकदा मी माझी वही काढून पाहिली, तर चूक माझीच. आम्ल देण्याआधी द्रावणाचा पीएच तीनवर आणायचा, नाहीतर आम्ल पेशीत नीट शिरतच नाही. मला हे इतकं पाठ, की मी लिहिलंच नव्हतं. सांगणार होते, खरंच. पण त्याच दुपारी आमचे गाईड सर तिच्याकडे बोट दाखवून सगळ्यांसमोर म्हणाले, "हिचा हात बघा किती साफ आहे. शिका काही." बघत मात्र होते माझ्याकडे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी वही कपाटात ठेवून दिली.

पुढं सहा महिने मी तिला सल्ले दिले. आम्ल नवं मागव, पेशी बदल, पुन्हा कर. ती रविवारीही यायची, मला डब्यातली भाकरी द्यायची आणि मी ती खायचे.

प्रगती अहवालाला समितीसमोर तिच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. सर म्हणाले, "साधं यीस्ट मरेना तुझ्याकडून? गावी जा, ताक घुसळ." सगळे हसले. मी जरा जास्तच. तिची नोंदणी रद्द झाली आणि विषय माझ्याकडे आला. आयत्या बिळावर नागोबा. पहिल्याच आठवड्यात माझ्या पेशी पटापट मेल्या.

आता मी लातूरला कॉलेजात शिकवते. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. ती गावाकडं शाळेवर आहे.

"ताई, तुमचा पेपर वाचला. त्यात पीएच तीन लिवलाय. माझ्या वहीत न्हाई. तुमच्या वहीतून उतरवताना माझ्याकडूनच राहिलं आसंल न्हवं?"

मी म्हटलं, "हो गं, तुझ्याकडूनच राहिलं असेल."