आरतीला उभे राहताना

घरची सत्यनारायणाची पूजा आटोपली आणि गुरुजी म्हणाले, "यजमान, आता आरतीला उभे राहा." बाबा बराच वेळ पाटावर मांडी घालून बसले होते. रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाल्यापासून उठताना त्यांना अंधारी येते. परवाच ते न्हाणीघरात पडता पडता वाचले. म्हणून मी हात पुढे केला.

"मी काय म्हातारा झालोय का गं?" सोवळ्याचा काठ सावरत बाबा म्हणाले.

माणूस उभा राहतो तेव्हा रक्त पायांकडे ओसरते. मानेतल्या धमन्यांना दाबातली घट तत्काळ जाणवते, मेंदूला वर्दी जाते, हृदयाचा वेग वाढतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि क्षणात दाब पूर्ववत होतो. ही यंत्रणा मी वैद्यकीयच्या परीक्षेत आकृतीसह लिहिली आहे. परंतु ती बिनबोभाट चालते म्हणूनच आपण स्वतःला स्वावलंबी समजतो, हे पुस्तकात नव्हते. कुणाचाही हात न धरता उभा असलेला माणूस आतून किती जणांनी धरलेला असतो!

बाबा उठले. त्यांचा चेहरा पांढरा पडला, पाऊल किंचित ढळले. तेवढ्यात आई आरतीचे तबक घेऊन त्यांना अगदी खेटून उभी राहिली.

"अहो, तबक फार जड झालंय. मला जरा धरा."

"तुला हल्ली काही झेपत नाही," असे म्हणत बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपला सगळा भार तिच्यावर टाकून खणखणीत आवाजात आरती सुरू केली.