सव्वा मूठ गहू

सुरतेच्या लिंबायतमध्ये मी हाक मारली, तर पार गावाबाहेर चलथाणच्या साखर कारखान्यातला ऊस आपोआप चरकात जाऊन पडतो, असा माझा लौकिक. कापडाच्या लूमच्या खडखडाटात जन्म गेला, त्याचा हा आवाज. गेल्या उन्हाळ्यात तोच जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर संपू लागला. म्हातारपणाचा अशक्तपणा समजून मी इतकं बीट खाल्लं, की सुरतेत दुसऱ्या कुणाला मिळालं नसेल. रक्त वाढलं नाही. अंगावरचे निळे डाग वाढले.

शेवटी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, सूत कमी नाही, माग बिघडलाय. रक्त हाडांच्या मगजात बनतं. उतारवयात कधीकधी तिथं पेशी कच्च्याच निघतात. आज रक्त चढवू, मग कमरेच्या हाडातून नमुना घेऊ."

हाडात सुई म्हटल्यावर बायकोला औषधं आणायला पाठवून मी रिक्षात बसलो आणि पळालो. आमच्या कानबाई देवीचा सण तोंडावर आला होता. आमच्यात तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात, आणि ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. यंदा माझी मूठ निघेल का, हीच भीती. पुलावर श्वास लागला, डोळ्यांपुढे अंधार आला. "कानबाई माय, मला मोज," एवढंच मनात म्हणालो.

डोळे उघडले तर रिक्षा पुन्हा दवाखान्याच्या दारात. रिक्षावाला रमणभाई म्हणाला, "काका, तमे तर आडवे पडले. असं घरी नेलं तर काकी मला मारेल ने."

रक्तपेढीत माझ्या गटाचं रक्त नव्हतं. मुलाचं जुळेना. बायको भिंतीला टेकून कानबाईचं नाव घेत होती. तेवढ्यात रमणभाईनं बाही सरकवली. "मारो पण ए ज ग्रुप छे."

तपासण्यांत त्याचा गट खरंच माझाच निघाला आणि त्याचं रक्त माझ्यात थेंबथेंब उतरलं. पुढे हाडातल्या सुईच्या दिवशीही पळता आलं नाही; ज्याच्या रिक्षातून पळायचं, तोच उशाशी बसला होता.

कानबाईच्या आधी बायको गहू मोजायला बसली. मुलाची मूठ, नातवाची, माझी. मग आणखी एक.

"ही कुणाची?"

"रमणभाईची. त्याचं रक्त तुमच्या अंगात, मग तो भाऊबंद नाही? गप बसा ना आता."

मी गप्प बसलो. लिंबायतमध्ये लोक अजून माझ्या त्या गप्प बसण्याची आठवण काढतात.

आजार गेलेला नाही. अधूनमधून रक्त लागतं, औषध चालू आहे. पिशवी कुणाची, ते आता कळतही नाही. ती टांगली की मी हात जोडतो. मोजायचं काम मायचं. मी फक्त मुठीत राहायचं.