पूर्ण लोडवर तपासणारे सासरे

पूर्ण लोड टाकल्याशिवाय जगातल्या कशालाही चांगलं म्हणायचं नाही, हा माझ्या सासऱ्यांचा बाणा आहे, आणि त्यातून आजवर काहीही सुटलेलं नाही. उभा जन्म विदर्भातल्या एका औष्णिक वीजकेंद्रात जनरेटर तपासण्यात गेला. निवृत्त होऊन कर्वेनगरात आमच्याकडे आले, तर इथे जनरेटर कुठला! मग हाताला लागेल ते तपासू लागले. नव्या मिक्सरवर लागोपाठ चार किलो दाण्यांचं कूट करवून घेतलं आणि दर पाच मिनिटांनी त्याच्या अंगाला उलटा हात लावून पाहिला. "रिकामी सगळीच यंत्रं छान फिरतात," म्हणे. सोसायटीची लिफ्ट दुरुस्त झाली, तर आठ माणसं भरल्याशिवाय ती पास करेनात. सातच जमली, म्हणून यांनी चेअरमनना दुपारच्या झोपेतून उठवलं. पुण्यात हे करायला वाघाचं काळीज लागतं. लग्नाआधी मला पाहायला आले, तेव्हा खडकवासल्यापर्यंत चालत नेलं आणि वाटभर प्रश्न विचारले. "दमला, पण चिडला नाही. चालेल," असा शेरा मुलीला कळवला. झालं आमचं लग्न!

गेल्या वर्षी त्यांच्या केंद्रातून फोन आला. यांनी वर्षानुवर्षं तपासलेली जुनी मशीन भंगारात काढायची की आणखी चालवायची, यावर यांचं मत हवं होतं. सोबतीला मी गेलो. साहेब आले म्हणजे मशीन वाचली, असं तिथे सगळे धरून चालले होते. मलाही तसंच वाटत होतं. पूर्ण लोड टाकला. तापमान चढून एका जागी थांबायला हवं होतं, ते काही केल्या थांबेना. एक तरुण इंजिनीअर हळूच म्हणाला, "सर, कमी लोडवर चालेल असं लिहा ना. तुमच्या शब्दावर वाचेल ती." सासऱ्यांनी चष्मा पुसला, 'चालवू नये' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली.

परतताना गाडीत मी आपलं समजुतीनं म्हटलं, बाबा, जरा सांभाळून लिहिलं असतं तरी चाललं असतं.

"अहो, तिच्याशेजारी पोरं उभी असतात," ते म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "इतक्या वर्षांत तिनं मला एकदाही खोटा आकडा दाखवला नाही, जावईबापू. मी तिच्याबद्दल खोटं कसं लिहू?"

आणि रडायला लागले. नागपूर येईपर्यंत मी त्यांचा हात धरून बसलो होतो.