वरचा कप्पा

लेकीच्या पाळीच्या पॅडसाठी पिशवी शिवायला बसले होते. दिवसभर शाळेत उभं राहून पाय भरून आले होते, त्यात मशीनचा पट्टा सारखा निसटत होता. अस्तरासाठी चिंध्यांचं गाठोडं सोडलं, तर सुपारीचा वास आला आणि हाताला माझी जुनी चंची लागली.

निलंग्याहून लातूरला कॉलेजला जायला लागले, तेव्हा आईनं ती उरलेल्या खणाची शिवली होती. पान-सुपारीच्या चंचीशिवाय दुसरी पिशवी तिला येतच नव्हती. पॅड आतल्या कप्प्यात. वरच्या कप्प्यात तिनं मुद्दाम सुपारीचं खांड टाकलं. "कुणी इचारलं तर सुपारी हाय म्हणायचं."

एसटीत शेजारच्या म्हातारीनं खरंच हात पुढं केला. "पोरी, जराशी सुपारी दे की." मी घाबरत खांड काढून दिलं. ते गालात धरून तिनं फुगलेल्या चंचीकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "दोरी सुटायली बघ." मग तिनंच गाठ आवळून चंची माझ्या मांडीवर ठेवली, वर माझी ओढणी सारली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लातूर येईपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत राहिले. तिच्या हातातली माया मला आज, लेकीसाठी पिशवी शिवताना कळते.

नवी पिशवी लेकीला दिली. तिनं चेन उघडून पाहिली.

"आई, हा वरचा छोटा कप्पा कशाला?"

तो मी कधी शिवला, माझं मलाच कळलं नव्हतं.