छत्तीस नंबरवाली

दिल्लीच्या आमच्या लक्ष्मीबाई नगरात माणसांना नावं नव्हती, क्वार्टरचे नंबर होते. मी सरकारी गाडी चालवायचो, सकाळी जायचो आणि रात्री यायचो. कोणत्या नंबरात कोण, कुणाची बदली कुठे झाली, हे सगळं बायकोला पाठ. क्वार्टर पाडले तेव्हा सगळे पांगले, तरी तिच्या डोक्यात ते तिथेच राहत होते.

ती नोएडाला मुलाच्या घरी अंथरुणाला खिळली. मुलगा म्हणाला, "आई, तू सांग, मी भरून ठेवतो." जुन्या कॉम्प्युटरवर त्याने काहीतरी बसवलं. नंबर टाकला की त्याच्यापुढे तिचं बोलणं यायचं. ती सांगायची, तो टाईप करायचा. "छत्तीस, नवरा मुका, बायको दोघांचं बोलते. भोपाळला गेले, जाताना माझा पाटा घेऊन गेली मेली." ती हसायची. थंडीचे दिवस, लाईट जात नव्हती. मग ती गेली.

तेराव्याला जुने शेजारी आले. मुलाला वाटलं, प्रत्येकाला तिने काय सांगितलंय ते ऐकवू. मलाही तेच ऐकायचं होतं, खोटं कशाला बोलू. छत्तीसवाली म्हातारी खुर्ची ओढून बसली. "हमारा लगाओ ना, बेटा."

त्याने नंबर टाकला. पडद्यावर आलं, निल. दुसरा टाकला. निल.

"निल म्हणजे काय रे?"

"काहीच नाही, बाबा."

सकाळी लाईट गेली होती. सोसायटीचा जनरेटर लागेपर्यंत मशीन बंद पडून परत चालू झालं, तेवढ्यात सगळं साफ. हे सगळं म्हणे फक्त चालू मशीनच्या आठवणीत राहतं, डिस्कवर उतरवायचं वेगळं सांगावं लागतं. याने ऑफिसची सेटिंग जशीच्या तशी उचलली, आणि तिथे उतरवणं बंदच ठेवतात.

"का?"

"फास्ट चालतं, बाबा."

मरणाऱ्या बाईला कसली घाई होती? चौथीपुढे शाळा नाही माझी, पण साधी वही लाईट गेली म्हणून कोरी होत नाही, एवढं मला कळतं.

छत्तीसवाली म्हणाली, "मेरे बारे में कुछ बुरा ही बोला होगा." आणि रडायला लागली. पाट्याचं मी सांगितलं तिला. पण माझ्या सांगण्यात बायकोचं हसणं येत नाही.

रात्री मुलगा जवळ आला. "आता सेव्ह चालू केलंय. तुम्ही सांगा ना, परत भरू."

"मला नंबर येतात. माणसं तिला येत होती."

ते मशीन अजून चालू आहे. आता रिकामा डबा अगदी नीट सेव्ह होतो.