बर्फावरची सतरंजी

ओल्या बर्फावर सतरंजी अंथरू नये, हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही.

शाळेला दोष देत नाही. आमच्या गावात बर्फ दोनच ठिकाणी दिसायचा, गोळेवाल्याच्या गाडीवर आणि बाजाराच्या दिवशी मासळीच्या पाटीत. (दोन्हीकडे सतरंजीचा प्रश्न आला नाही.) पण पुढे मी कॉलेजात गेलो, आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो, आणि पदवी मिळवली ती मेकॅनिकल इंजिनिअरिंगची. आता मस्कतमध्ये मोठमोठ्या इमारतींची थंड हवेची यंत्रं सांभाळतो. म्हणजे पाणी थंड होत गेलं की शेवटी त्याचं काय होतं, हे ठाऊक असल्याबद्दलच मला पगार मिळतो!

आमची मुलगी जुई आइस हॉकी खेळते. हे मी गावी फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "ओमानात? अरे, तिकडं वाळवंट ना?"

"मॉलमध्ये बर्फ केलाय, आई."

"कशाला?"



मुलींची ही लीग चालवतात रुबीनाभाभी. मूळच्या रत्नागिरीकडच्या, नवऱ्याचं मस्कतच्या रुवी भागात कापडाचं दुकान. स्वतः बर्फावर कधी उभ्या राहिलेल्या नाहीत, पण त्यांच्या नजरेने मॉलमधला बर्फ दोन अंश आणखी थंड होतो. चार संघ, आठ ते चौदा वर्षांच्या मुली. संघ पाडायची त्यांची रीत अशी: आधी सगळ्या मुलींना बर्फावर पळवून बघायचं, मग चांगल्या, बऱ्या आणि नुसत्याच उत्साही असे तीन ढीग करायचे आणि प्रत्येक ढिगातून सगळ्या संघांना सारखं वाटप. मैत्रिणीच्याच संघात घाला, हा हट्ट चालत नाही. मैत्रिणीच्या आईचा तर मुळीच नाही. प्रत्येक मुलीला खेळायला मिळालंच पाहिजे आणि प्रत्येक पालकाला काम असलंच पाहिजे. कुणी बुटांच्या नाड्या आवळायच्या, कुणी खेळाडूंच्या बाकाचं दार उघडायचं, कुणी स्कोअर लिहायचा.

मला माईक दिला.

"कदमभाऊ, तुमचा आवाज मोठा," रुबीनाभाभी म्हणाल्या. "पण बोलणं थोडक्यात ठेवा, काय?"

"अगदी थोडक्यात!" मी म्हणालो आणि माझ्यावर टाकलेल्या या विश्वासाबद्दल त्यांचे सविस्तर आभार मानले.

आभार ही माझी जुनी सवय आहे. ज्याची फी कधी मास्तरांनी, कधी शेजाऱ्यांनी भरली, त्या माणसाला ती लागतेच. शिवाय आमच्या गावात हातपंप बसला तरी प्रमुख पाहुणे यायचे, आणि शेवटचं आभारप्रदर्शन झाल्याशिवाय कुणी पंपाला हात लावत नसे.

माईकवरून दर शुक्रवारी मी एक नियम वाचून दाखवायचो. सकाळी दहापर्यंत बर्फ आपला, दहानंतर तिकीट काढून येणाऱ्या पब्लिकचा. दहा वाजले की सामना असेल तिथे थांबेल आणि त्या क्षणी जो स्कोअर असेल तोच निकाल. कुणाचंही काहीही ऐकून घेतलं जाणार नाही. (हे शेवटचं वाक्य माझं. मी ते फार ठसक्यात म्हणायचो.)

जुई तिच्या संघाची दुसरी गोलकीपर. पहिली रुबीनाभाभींची मुलगी आलिया, आणि ती खरोखर चांगली. त्यामुळे जुई मोसमभर मागच्या फळीत घसरत राहिली. तिचं सगळं लक्ष मात्र गोलपाशी. आलियाला ताप यावा असं देवाकडे मागणं बरं दिसत नाही, म्हणून ती फक्त सर्दी मागायची. दार्सैतच्या आमच्या फ्लॅटमध्ये पायांना उशा बांधून ती पॅसेजमध्ये उभी राहायची आणि माझी बायको सुनीता भाजी निवडता निवडता तिच्यावर मोज्यांचे गोळे फेकायची. बटाटे फेकायचाही एकदा प्रयोग झाला. पॅसेजमधला दिवा तेव्हापासून बंद आहे.

फायनलच्या आठवड्यात रुबीनाभाभींचा फोन आला. "तिसरा, शेवटचा पिरियड जुई गोलमध्ये. चौदा पूर्ण होतायत ना तिला? वरच्या वयाच्या गटाला आपल्याकडे मुलीच पुरत नाहीत. हा तिचा शेवटचा सामना. उभं राहायला मिळायलाच हवं."

त्या रात्री जुई उशा बांधूनच जेवायला बसली.

आता अशा दिवसाला प्रमुख पाहुणे नकोत? सगळ्या संघांच्या जर्सी आमच्या कंपनीच्या अर्बाबांनी दिल्या होत्या. अर्बाब म्हणजे मालक. सज्जन माणूस, आमच्याशी हिंदीत बोलतो. मी त्यांना बोलावलं. ते म्हणाले, "कदम, मैं आएगा. लेकिन जल्दी निकलेगा. जुम्मे की नमाज़ सोहार में, भाई के घर."

सोहार मस्कतपासून दोन तासांवर, म्हणजे बक्षीस समारंभापर्यंत ते थांबणार नव्हते. मग मी डोकं लावलं. दुसऱ्या पिरियडनंतर मधली सुट्टी असते. तेव्हा शाजी नावाचा केरळी चालक मोठी गाडी घेऊन येतो, बर्फ खरवडतो, वर पाण्याचा पातळ थर सोडतो, आणि ते पाणी गोठेपर्यंत सगळे थांबतात. हाच रिकामा वेळ! यातच सत्कार!

"पाच मिनिटं," रुबीनाभाभी म्हणाल्या.

"पाच म्हणजे पाच!"

"बाबा, प्लीज शॉर्ट करा हं," जुई म्हणाली.

"तू गोल सांभाळ, मी स्टेज सांभाळतो."

अडचण एकच होती. अर्बाब येणार ते पांढऱ्याशुभ्र दिशदाशात, म्हणजे तिकडच्या पायघोळ अंगरख्यात, आणि पायात चपला. बर्फावर चपला! पाहुण्यांचं माकडहाड मोडलं तर माझ्या नोकरीचंही मोडलं असतं. म्हणून सुनीताच्या मैत्रिणींच्या हळदीकुंकवाची लाल-निळ्या पट्ट्यांची लांबलचक सतरंजी मी मागून आणली.

"अहो, सुती आहे ती. भिजेल," सुनीता म्हणाली.

"भिजली तर वाळेल," मी म्हणालो.

फायनल सुरू झाली. दुसऱ्या पिरियडअखेर जुईचा संघ दोन विरुद्ध एक असा पुढे. शाजीची गाडी फिरून गेली. पाणी चकचकत होतं, आणि त्या चकचकत्या पाण्यावर मी व दोन बापांनी सतरंजी अंथरली. वर तीन खुर्च्या. एका ताटात शाली आणि नारळ. आयुष्यात इतकं देखणं स्टेज मी केलं नव्हतं.

मी स्वागत केलं. अर्बाबांची ओळख करून दिली. (इथपर्यंत पाच मिनिटं झाली होती, असं नंतर कळलं.) शाल दिली, नारळ दिला. अर्बाब माईकपाशी आले आणि म्हणाले, "सब लड़कियाँ बहुत अच्छा खेला. यल्ला, खेलो!" मग हात हलवत ते सोहारच्या वाटेला लागले. जगात इतकं चांगलं भाषण मी ऐकलेलं नाही. आपणही असं बोलावं, हे मात्र मला तेव्हा सुचलं नाही.

कारण आभारप्रदर्शन राहिलं होतं!

मॉलच्या व्यवस्थापनाचे मानले. शाजीचे मानले. पार्किंगच्या रखवालदारांचे मानले. नाड्या आवळणाऱ्या आयांचे, दार उघडणाऱ्या बापांचे मानले. बर्फ गोठवणाऱ्या यंत्रांचे मानले, कारण तो माझ्या पेशाचा प्रश्न होता. एवढ्यात एका मुलीने स्टिक बर्फावर आपटली, टक्! मग दुसरीने, मग सगळ्यांनीच. टक् टक् टक् टक्!

आता, या खेळात हातमोज्यांमुळे टाळ्या वाजवता येत नाहीत, म्हणून शाबासकी द्यायची तर स्टिक आपटतात. हे मला याच लीगने शिकवलं होतं. माझा ऊर भरून आला. मी आणखी रंगलो! ज्या गुरुजींमुळे मी इथवर आलो, त्यांच्यापर्यंत मागे गेलो. आपटणं वाढलं. मी म्हटलं, वा!

रुबीनाभाभी काचेपलीकडून मनगटावरचं घड्याळ दाखवत होत्या. मी त्यांचेही आभार मानले.

आज तो प्रसंग आठवला की मला सतरंजी दिसत नाही, माईकही दिसत नाही. मांडीएवढे जाड पॅड बांधून, जाळीचं हेल्मेट घालून, गोलमध्ये ताठ उभी राहिलेली जुई तेवढी दिसते. ती स्टिक आपटत नव्हती. ती तयार उभी होती, जणू मी थांबताक्षणी पहिला फटका येणार होता.

"...आणि ज्यांच्या खेळाशिवाय हा कार्यक्रम झालाच नसता, त्या मुलींचे आभार मानून मी रजा घेतो!"

मी रजा घेतली. खुर्च्या उचलल्या. सतरंजीचं टोक धरून ओढलं.

सतरंजी हलली नाही.

"जोर लावा की," एक बाप म्हणाला.

"लावतोय!"

"मग ही येत का नाही?"

मी खाली वाकून पाहिलं. पाणी सतरंजीत शिरलं होतं आणि सतरंजीसकट गोठलं होतं. माझी पदवी त्या क्षणी मला पूर्णपणे समजली.

मग सुरू झाली रस्सीखेच. सात-आठ बाप एका टोकाला. "एक, दोन, तीन!" म्हटल्यावर सतरंजी जागची हलली नाही, पण बाप हलले. सगळे एका रांगेत, बसल्या बसल्या, समोरच्या भिंतीपर्यंत! ताट उलटलं आणि उरलेले नारळ बर्फभर धावू लागले. त्यातल्या एकाला आठ वर्षांच्या एका मुलीने पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, समजून असा काही फटका मारला, की तो थेट समोरच्या रिकाम्या गोलमध्ये. (त्या पिरियडमधला एकमेव गोल. धरला नाही.)

"कदमभाऊ, ही सतरंजी आहे की फरशी?" रुबीनाभाभी ओरडल्या.

शेवटी ती निघाली, पण पट्ट्यापट्ट्यांनी. लाल पट्टे आमच्या हातात, निळे बर्फात. आणि जिथून निघाली तिथे खड्डे. रेफरी म्हणजे मदिनत सुलतान काबूसमधल्या एका शाळेच्या तरुण शिक्षिका. त्यांनी एका खड्ड्यावरून बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मुलींचे पाय मोडतील, इथे खेळता येणार नाही.

"शाजी, पाणी मारून भरता येईल?" मी विचारलं.

"भरेगा सर. पर टाइम?"

वर मोठ्या घड्याळात दहाला एक मिनिट कमी होतं. मग तेही राहिलं नाही.

"भाभी, आजच्या दिवस..." मी सुरुवात केली.

"कुणाचंही काहीही ऐकून घेतलं जाणार नाही," रुबीनाभाभी म्हणाल्या. मग हळू आवाजात, "मी मॅनेजरला विचारून आले, कदमभाऊ. तिकडे तिकिटाची रांग लागलीय. खलास."

दोन विरुद्ध एक. जुईचा संघ जिंकला! मुली आलियाच्या अंगावर जाऊन पडल्या. जुईही गेली, सगळ्यात शेवटी. त्या पॅडमुळे तिला भरभर जाता येत नव्हतं. पदकं द्यायला पाहुणे उरले नव्हते, म्हणून माईकवाल्यानेच द्यायची ठरली. जुईने हेल्मेट न काढता मान पुढे केली.

"अभिनंदन," मी म्हणालो.

"थँक्यू," ती म्हणाली. मला तो शब्द इतका कधी टोचला नव्हता.

बाकी मुली कपडे बदलून चिप्स खायला लागल्या. जुई बाकावर तशीच बसून राहिली, पॅड बांधून. सुनीता माझ्याजवळ आली.

"अहो, काहीतरी करा."

"काय करू?"

"आभार सोडून काहीही करा."

समोर पब्लिक आत येऊ लागलं होतं. शाजीने खड्डे बुजवून दोन्ही गोल उचलून नेले होते. मी तिकीट खिडकीवर जाऊन दोन तिकिटं काढली आणि माझ्या मापाचे स्केट मागितले. सुनीताने नाड्या आवळून दिल्या, जरा जास्तच.

"जुई, चल. जिथे गोल होता तिथे उभी राहा."

"बाबा, पब्लिक टाइमला स्टिक अलाउड नाही. पकसुद्धा नाही."

"नसू दे. तू उभी तर राहा."

ती स्टिक बाकावर ठेवून उठली आणि त्या रिकाम्या जागी जाऊन उभी राहिली. आजूबाजूने शाळकरी पोरं भेलकांडत होती. मी भिंत धरून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो. भिंत सोडायची म्हणजे काय, हे माझ्या वयात शिकणं योग्य नव्हे.

"जुई! रेडी?"

"बाबा, काय करताय? तुम्हाला येत नाही!"

"शॉट येतोय!"

मी भिंतीला लाथ मारली. पहिले दोन हात मी उभा होतो, याला साक्षीदार आहेत. मग पाय माझ्या पुढे गेले, मी त्यांच्या मागे, आणि कसा कोण जाणे, पालथा होऊन पोटावर, हात पुढे करून, शर्टाची बटणं बर्फावर किरकिरत, मी सुसाट निघालो. पोरं बाजूला झाली. कुणीतरी किंचाळलं, बहुधा मीच. आणि समोर जुई वाकली. तिने एकदा डावीकडे पाहिलं, अंदाज घेतला, सरकली, दोन्ही गुडघे बर्फावर टाकले आणि पॅड पसरले.

धप्! माझं डोकं बरोबर मधोमध.

पब्लिकने टाळ्या वाजवल्या. मी बर्फात नाक खुपसून ओरडलो, "सेव्ह! काय सेव्ह केलास, जुई!"

तिने हेल्मेटची जाळी वर केली. त्या दिवसात पहिल्यांदाच तिचा चेहरा नीट दिसला. डोळे लाल होते, पण ती हसत होती.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही तसेही गोलच्या बाहेरच जात होतात."