कुसुमताईंचं तीनास एक

कुसुमताईंनी आमच्या दहावीच्या वर्गाला मेंडेलचा आनुवंशिकतेचा नियम शिकवला तो दरडावून. खोक्यातले रंगीत मणी न बघता काढायचे, मोजायचे आणि प्रमाण तीनास एकच यायला हवं. माझं वेगळं आलं, तर वहीवर लाल शेरा : 'पुन्हा मोज.' तीनदा मोजलं, शेवटी दोन मणी खिशात घातले, तेव्हा कुठे बरोबर आलं.

निवृत्त झाल्यावर ताईंनी तारनाक्याच्या घरी स्वीट पीच्या वेली लावल्या. पांढऱ्या फुलांच्या दोन वेगळ्या जाती घेतल्या, ब्रशने एकीचे पराग दुसरीला लावले आणि धरलेलं बी दत्तोबा माळ्यांकडून पेरून घेतलं. दोन्ही पांढऱ्या, म्हणजे फुलं पांढरीच येणार. आली ती झाडून सगळी जांभळी.

मेंडेल चुकणं शक्यच नव्हतं, म्हणून दत्तोबा चुकले. आपलं बी चोरून भलतंच पेरलं म्हणून ताईंनी गेटावर उभं राहून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांना बीचोर ठरवलं.

"कायको चोरू मी तुमचं बी? ही तोहमत माझ्याच्याने सोसणार नाही, बाई." बारा वर्षांचं खुरपं पायरीवर ठेवून दत्तोबा निघून गेले. मला फार वाईट वाटलं.

मी त्याच गल्लीत राहतो आणि बियाण्यांच्या कंपनीत आहे. राहवेना, म्हणून सांगायला गेलो. "ताई, जांभळ्या रंगाला दोन जनुकं लागतात. तुमच्या एका जातीत एक नव्हतं, दुसरीत दुसरं. एका घरी पीठ, दुसऱ्या घरी चूल. एकत्र आली, भाकरी झाली. आता या जांभळ्यांचं बी पेरा. सोळांत साधारण नऊ जांभळ्या येतील, सात पांढऱ्या."

"दहावीला विज्ञानात किती होते रे तुला?"

"बासष्ट."

"मग गप्प बस."

पण पेरलं त्यांनी, मला खोटं पाडायला. पुढच्या थंडीत चौसष्ट वेली फुलल्या. ताईंच्या तीनास एकच्या हिशेबाने अठ्ठेचाळीस जांभळ्या हव्या होत्या, माझ्या हिशेबाने छत्तीस. निघाल्या सदतीस.

"ताई, पुन्हा मोजा," मी म्हणालो. इतकं सुख मला पगारवाढीतही मिळालं नव्हतं.

त्यांनी तीनदा मोजल्या. वेली काही खिशात घालता येत नाहीत. मग म्हणाल्या, "दत्तोबांना बोलाव."

दत्तोबा आले, पण गेटाबाहेरच थांबले. ताई जवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "माझं चुकलं."

"चोर म्हणालात ते गल्लीला ऐकवून, बाई."

ताईंनी पदर खोचला आणि वर्गातला आवाज काढला. "दत्तोबा चोर नाहीत! चूक माझी होती!"

समोरच्या दोन गॅलऱ्यांत माणसं आली. दत्तोबांनी मान वर करून नीट पाहिलं.

"तिसऱ्या मजल्यावर नाही पोचलं," ते म्हणाले. "पुन्हा."